करवंदाचा जॅम आणि शिजवणारा हात

जॅम हा काही आपल्या चर्चेचा विषय नव्हे, असे वाचकांना प्रथमदर्शनी वाटेल. जॅम म्हटले की पाव, टेबल आणि शहरी मध्यमवर्गीय घराची सकाळ डोळ्यांसमोर येते. पण कोणत्याही पदार्थाला दोन इतिहास असतात. एक तो कसा शिजतो याचा आणि दुसरा तो कोणाच्या हातून शिजतो याचा. पहिला इतिहास मी महाविद्यालयात रसायनशास्त्र म्हणून शिकवतो. दुसरा मला घरात मिळाला. हे दोन्ही इतिहास एकत्र मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे गाव भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंध घाटाच्या वरच्या अंगाला आहे. वस्ती गावाबाहेर, आणि वस्तीच्या पाठीमागून डोंगर सुरू होतो. डोंगरावर करवंदीच्या जाळ्या. मे महिन्यात माझी आजी पहाटे पाटी घेऊन निघे आणि ऊन चढायच्या आत घाटातल्या एस.टी.च्या थांब्यावर येऊन बसे. ‘डोंगराची काळी मैना’ म्हणून लोक कौतुकाने करवंदे घेत. आजी द्रोण पुढे करी तेव्हा काही गिऱ्हाइके तो तिच्या हातातून न घेता दगडावर ठेवायला सांगत. पैसेही दगडावरच ठेवत. करवंदे मात्र तिथेच उभे राहून, न धुता खात. ही विसंगती मला लहानपणी कळली नव्हती. ती पुढे कळणार होती.

आधी फळाविषयी. करवंदीला साधारण फेब्रुवारीपासून पांढरी फुले येतात, एप्रिलमध्ये हिरवी फळे लोणच्याजोगी होतात आणि मेपासून पहिल्या पावसापर्यंत ती काळी पडतात. झाड कण्हेरीच्या कुळातले. म्हणून देठ तुटला की पांढरा चीक येतो. करवंद खाण्याचे आहे, कण्हेर विषारी आहे, आणि दोन्हींना चीक आहे. तेव्हा जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय रानातले चिकाचे फळ तोंडात घालू नये. हातांना लागलेला चीक नुसत्या पाण्याने जात नाही, गोडे तेल चोळले की सुटतो. आम्ही मुले करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळत असू. आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी. आज वर्गात फळांतल्या रंगद्रव्यांविषयी बोलताना मी तोच खेळ सांगतो. मागच्या बाकावरची मुले तेव्हा प्रथम मान वर करतात.

आता जॅम. सगळी करवंदे काळी घेऊ नयेत. चार वाट्यांना एक वाटी लालसर, अर्धी पिकलेली घ्यावीत. याचे कारण पेक्टिन. फळाच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा हा पदार्थ. फळ पूर्ण पिकले की तो विघटित होऊ लागतो आणि फळ मऊ पडते. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. अर्धपक्व फळात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही जास्त असतात. करवंद मुळातच या दोन्हींत श्रीमंत, म्हणून बाहेरचे काही घालावे लागत नाही.

करवंदे तीन पाण्यांनी धुवावीत, देठ काढावेत. फळे जेमतेम भिजतील एवढे पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवावीत आणि चाळणीवर घोळून बिया व साली काढाव्यात. पातेले स्टीलचे असावे. आंबट रस अ‍ॅल्युमिनियमला खातो. एक किलो गराला पाऊण किलो साखर घालावी आणि मोठ्या आचेवर सतत ढवळत आटवावे. समुद्रसपाटीला मिश्रणाचे तापमान १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास आले की जॅम झाला. डोंगरावर पाणीच कमी तापमानाला उकळते, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. म्हणून तिथे आधी उकळत्या पाण्याचे तापमान पाहावे आणि त्याच्या साडेचार ते पाच अंश वर थांबावे. तापमापक नसेल तर गार ताटलीवर थेंब टाकावा. बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली आणि थेंब ओघळला नाही, तर उतरवावे. काचेच्या बाटल्या उकळून, वाळवून, गरम असतानाच गरम जॅमने भराव्यात आणि झाकण लावावे.

एवढ्याने तो महिनोन्‌महिने का टिकतो? जॅममध्ये पाणी असते, पण साखरेने ते बांधून ठेवलेले असते. बुरशीला आणि जंतूंना ते वापरता येत नाही. आंबटपणा जंतूंची उरलीसुरली वाट बंद करतो, आणि उकळीने आधीचे जंतू मेलेले असतात. कायद्यानेही जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ आणि ६५ टक्के विरघळलेले घन पदार्थ असावे लागतात. साखर कमी घातली तर जॅम बिघडतो, म्हणून ‘आरोग्यासाठी कमी साखर’ हा सल्ला इथे चालत नाही. तसा केलेला पदार्थ फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावा.

इथपर्यंत विज्ञान आहे. पुढचे विज्ञान पाठ्यपुस्तकात नाही.

मी नोकरीला लागलो त्या वर्षापासून दर मे महिन्यात गावाहून करवंदे आणून स्टाफरूममध्ये ठेवत आलो. अर्ध्या तासात टोपली रिकामी होई. एका वर्षी आईने आणि मी मिळून जॅम केला. आमच्या घरात साखर पूर्वी पाहुण्याच्या चहापुरतीच असे. किलोंनी साखर पातेल्यात ओतताना आईचा हात दोनदा थांबला. त्या जॅमच्या सहा बाटल्या मी स्टाफरूममध्ये नेल्या. दोन सहकाऱ्यांनी आनंदाने नेल्या, एकाने तिथेच उघडली. उरलेल्या तीन बाटल्या आठवडाभर कपाटावर तशाच राहिल्या. कोणी काही बोलले नाही. एकाला मधुमेह आठवला, दुसऱ्याच्या घरी कोणी जॅम खात नव्हते. आईने विचारले, ‘आवडला का रं त्यांना?’ मी ‘हो’ म्हणालो. आईशी खोटे बोललो याची बोच अजून आहे.

तेव्हा मला घाटातला तो दगड आठवला. अस्पृश्यतेच्या शास्त्रात कोरडा शिधा चालतो, शिजलेले अन्न चालत नाही. फळ झाडाने केलेले असते, त्याला जात नसते. पाणी आणि अग्नी यांच्या मदतीने माणूस त्याचे अन्न करतो, तेव्हा त्यात करणाऱ्याची जात उतरते, अशी ही समजूत. म्हणजे आमचे श्रम वेचण्यापर्यंत मान्य आहेत, करण्यापर्यंत नाहीत. कच्चा माल आमच्याकडून घ्यावा, पण तयार वस्तूवर आमचे नाव नको. आजीचा घाट उतरून गेले की महाड लागते. तिथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि नंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्राने तळे ‘शुद्ध’ केले. पाण्याला जी विटाळाची नजर होती, तीच बाटलीतल्या पदार्थाकडे वळते. आता ती बोलून दाखवत नाहीत, एवढाच फरक.

मात्र इथे आपणही आपली झडती घेतली पाहिजे. त्या बाटलीतल्या जॅमचा निम्म्याहून अधिक भाग साखर आहे. बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून उचल घेऊन दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. माणसांची गणती हत्याराने होते. त्यांत दलित, भटके, आदिवासी मोठ्या संख्येने आहेत. आमच्या जॅमचा गोडवा त्यांच्या घामातून आला आहे. डोंगरावर करवंदे वेचणाऱ्या कातकरी आणि महादेव कोळी बायांकडून व्यापारी पाटीच्या भावाने माल उचलतो आणि शहरात बाटलीच्या भावाने विकतो. उद्या आपल्यापैकी कोणी तो व्यापारी झाला, तर प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही.

जंगलातल्या फळावर मालकी कोणाची, हा प्रश्नही जुना आहे. १९२७ च्याच भारतीय वन कायद्याने जंगलातून आणलेले फळसुद्धा ‘वनोपज’ ठरवले. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर तिथल्या लोकांची मालकी मान्य केली, आणि २०१२ च्या नियमदुरुस्तीने प्रक्रिया, वाहतूक व विक्रीचा हक्कही स्पष्ट केला. पण आदिवासी नसलेल्या वनवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. आजीने आयुष्यभर करवंदे वेचली. त्याची पावती कोणी दिली नाही. ज्यांना लिहू दिले नाही, त्यांच्याकडे लिखित पुरावा मागणारा कायदा कितीही चांगला असला तरी अर्धाच पोचतो. पदवी घेतलेल्या आपल्या पिढीचे काम इथे आहे. वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेणे, ग्रामसभेत दावे दाखल करणे, अन्नपदार्थाची नोंदणी कशी करायची ते बायांच्या गटाला समजावून सांगणे. याला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. अर्ज वाचता आला की पुरे.

या मे महिन्यात आम्ही पुन्हा जॅम केला. या वेळी वस्तीतल्या चार जणी आणि शेजारच्या कातकरी वाडीतल्या तिघी होत्या. किती जणींनी किती वेचली हे वहीत लिहिले, आणि भाव आधी ठरवला. बाटलीवर चिठ्ठी लावायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, ‘नाव नको घालू, खपायची नाही.’ मी काही बोललो नाही. पण तिच्या शेजारी बसलेल्या कातकरी बाईने विचारले, ‘मग ही केली कुणी?’

चिठ्ठीवर आता सातही नावे आहेत. तीन बाटल्या मी स्टाफरूमच्या त्याच कपाटावर ठेवल्या आहेत.