यादीत नाव नसलेल्यांचा खेळ

नोव्हेंबरच्या मध्यास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सरोवरांच्या काठाकाठाने पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरू लागतो, आणि त्याच सुमारास तेथील हायस्कुलांत आइस हॉकीच्या संघांची निवड सुरू होते. चार-पाच दिवस मुले रिंकवर उतरतात, मार्गदर्शक हाती कागद घेऊन कठड्यापाशी उभे राहतात, आणि आठवडा संपता संपता यादी लागते. पूर्वी ती कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारावर डकवीत; आता ती बहुधा पडद्यावर उमटते. यादी तीच असते. तीत नाव नसणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला दहावीच्या निकालाची आठवण काढली तरच उमगेल. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून 'हॉकी खेळणारा मुलगा' ही ज्याची गल्लीत, शाळेत आणि घरात ओळख, त्याची ती ओळख पंधराव्या वर्षी एका संध्याकाळी पुसली जाते.

प्रस्तुत लेखकाला हा विषय पुस्तकातून सुचलेला नाही. माझी एक मावसबहीण गेली वीस-बावीस वर्षे मिनिआपोलिसच्या उपनगरात राहते. २०२४ च्या डिसेंबरात तिच्याकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला. तिचा धाकटा मुलगा गोलरक्षक. महिन्यापूर्वीच शाळेच्या यादीतून त्याचे नाव गळले होते. बहीण म्हणाली, "दादा, परीक्षेत नापास झाला असता तर काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. इथं काय बोलावं ते कळेना." गोलरक्षकाच्या पायांवरची ती गादीएवढी जाड आच्छादने त्याने गाडीखान्यात नेऊन उलटी टाकली होती आणि चार दिवस घरात तो फक्त जेवायला येत होता.

ही हॉकी आपल्या हॉकीहून पुष्कळ वेगळी. बर्फावर एका वेळी गोलरक्षकासह सहा जण; परंतु धावपळ इतकी जीवघेणी की मिनिटाभराच्या आतच खेळाडू बदलावे लागतात, म्हणून संघ वीसएक जणांचा. त्यात गोलरक्षक दोन, फार तर तीन, आणि त्यांतला प्रत्यक्ष खेळणारा एकच. म्हणजे आघाडीच्या बारा जागांपैकी एखादी मिळण्याची आशा असते. गोलरक्षकाची स्पर्धा मात्र जवळजवळ एका खुर्चीसाठी असते. शिवाय मिनेसोटात शालेय हॉकीला जी प्रतिष्ठा आहे ती अमेरिकेत अन्यत्र क्वचितच आढळेल. तेथील हायस्कुलांची राज्य अजिंक्यपद स्पर्धा १९४५ पासून चालू आहे. सेंट पॉलला चार दिवस चालणाऱ्या या सामन्यांना मिळून लाखावर प्रेक्षक येतात. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचे खेळ बघायला गावेच्या गावे बसमध्ये बसून राजधानी गाठतात. ज्या दारापलीकडे एवढा झगमगाट, ते दार बंद झाल्याचा आवाजही तितकाच मोठा.

आणि हे दार अनेकांसाठी बंद होणार हे गणितानेच ठरलेले आहे. मिनेसोटात चौदा-पंधरा वर्षांपर्यंतची मुले शाळेकडून नव्हे, गावच्या हॉकी मंडळाकडून खेळतात. ही मंडळे पालकांनी चालविलेली. मुलांच्या संख्येनुसार अ, ब, क असे संघ करायचे आणि जो येईल त्याला कोठेतरी बसवायचे, ही त्यांची रीत. समजा, एखाद्या मंडळात दोन वर्षांच्या वयोगटात पंधरा-पंधरांचे तीन संघ आहेत. म्हणजे दर वर्षी साधारण बावीस-तेवीस मुले हायस्कुलाच्या वयात शिरणार. हायस्कुलाचे वरचे तीन वर्ग धरले तर सदुसष्टएक उमेदवार झाले. शाळेचे संघ दोन, मुख्य आणि त्याखालचा, जागा चाळीस. प्रत्येक मुलाने जिवाचे रान केले तरी पंचवीसएक मुले बाहेर राहणारच. प्रश्न इतकाच की बाहेर राहिलेल्यांचे पुढे काय करायचे.

मिनेसोटाने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे 'ज्युनिअर गोल्ड'. राज्यातील हौशी हॉकीचे नियमन करणारी 'मिनेसोटा हॉकी' ही संघटना ही स्पर्धामालिका चालवते. हायस्कुलाच्या वयाची, पण शाळेच्या संघात नसलेली मुले हिच्यात खेळतात. तिच्यातही अ आणि ब असे स्तर आहेत, सोळा वर्षांखालील मुलांचा वेगळा गट आहे, आणि हंगामाअखेर त्यांचीही राज्य स्पर्धा भरते. शाळांच्या याद्या लागल्या की पाठोपाठ ज्युनिअर गोल्डचे संघ जमू लागतात. माझ्या भाच्याला पाचव्या दिवशी दूरध्वनी आला. शेजारच्या मंडळाच्या संघाला गोलरक्षक हवा होता. गोलरक्षक सर्वांनाच हवा असतो, हे त्याच्या दुःखावर निसर्गाने ठेवलेले औषध!

त्या संघाचा एक सराव मी पाहिला. वेळ रात्री पावणेदहाची. कारण शाळा सुटल्यावरचे चांगले तास शाळांच्या संघांकडे, त्यानंतरचे लहान मुलांकडे, आणि उरलेला बर्फ यांच्या वाट्याला. संघात सगळेच गळालेले नव्हते, हे पाहून मला नवल वाटले. एक जण संध्याकाळी किराणा दुकानात काम करी, त्यामुळे रोजचा शाळेचा सराव त्याला झेपणारा नव्हता. दुसऱ्याला वाद्यवृंदात वाजवायचे होते. तिसऱ्याने स्वच्छ सांगितले, की शाळेच्या संघात तो कठड्यामागे बसूनच राहिला असता. येथे खेळायला मिळते. मार्गदर्शक हा कोणाचा तरी बाप, व्यवसायाने वीजतंत्री, दिवसभराचे काम आटोपून आलेला. तो फार शिकवीत होता असे नाही. परंतु तासाभरात हशा जितका ऐकला तितका मी शाळेच्या रिंकवर ऐकला नाही.

या व्यवस्थेचे समर्थन करताना तेथील लोक एक कथा हमखास सांगतात. सेंट पॉलचा हर्ब ब्रूक्स १९६० च्या ऑलिंपिक संघातून अगदी ऐनवेळी, सर्वांत शेवटी वगळला गेला. त्या संघाने सुवर्णपदक मिळवले. वीस वर्षांनी, १९८० मध्ये लेक प्लॅसिड येथे ज्या अमेरिकन पोरसवदा संघाने सोव्हिएत संघाला हरवून सुवर्ण जिंकले, त्याचा मार्गदर्शक हाच ब्रूक्स, आणि त्या वीस खेळाडूंपैकी बारा मिनेसोटाचे. कथा खरी आहे, सुंदरही आहे. आपल्याकडे अमोल मुजुमदार यांच्याविषयी अशीच कथा सांगता येईल. १९८८ च्या हॅरिस शील्ड सामन्यात तेंडुलकर-कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना ते पॅड बांधून पुढच्या क्रमांकाची वाट पाहत बसले होते, भारताकडून कधीच खेळले नाहीत, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक होते.

परंतु माझ्या मते या कथा वगळलेल्या मुलांच्या बाजूने दिलेली साक्ष नव्हे. किंबहुना त्या उलट्या अंगावर येतात. ब्रूक्सला वगळले तेव्हा तो ऑलिंपिकच्या उंबरठ्यावर होता. शाळेकडून तर तो १९५५ चा विजेता. आमच्या भाच्याचा आणि त्याचा संबंध काय? आणि 'आज वगळलेला उद्या मोठा होईल' म्हणून त्याला खेळू द्यायचे असेल, तर जो मोठा होणार नाही त्याने का खेळावे याला उत्तर राहत नाही. ज्युनिअर गोल्डमधली बहुतेक मुले मोठी होणार नाहीत. ती वीजतंत्री होतील, कारकून होतील, एखादा आमच्यासारखा प्राध्यापकही होईल.

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आम्ही मुलांना उपभोग आणि गुंतवणूक यांतला भेद शिकवतो. आंबा खाणे हा उपभोग. आंब्याचे कलम लावणे ही गुंतवणूक. खेळाचे दुर्दैव असे की पोर दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत तो उपभोग असतो आणि मग कोणी न सांगताच त्याची गुंतवणूक होते. शाळेला पदक हवे, बापाला शिष्यवृत्ती हवी, मार्गदर्शकाला नाव हवे. गुंतवणुकीचा न्याय निष्ठुर असतो. जेथे परतावा दिसत नाही तेथून भांडवल काढून घ्यावे, हेच त्यात शहाणपण. या न्यायाने तिसऱ्या गोलरक्षकावर बर्फाचा एक तासही खर्च करणे ही उधळपट्टी ठरते. ज्युनिअर गोल्ड हे धोरण मला महत्त्वाचे वाटले ते यासाठी, की तेथे पंधरा वर्षांच्या मुलाला आंबा खाण्याचा हक्क शिल्लक ठेवला आहे.

शिवाय निवड करणाऱ्यांची नजर तरी किती खरी? कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्नस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की तेथील वरच्या दर्जाच्या हॉकी संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर जास्त आहेत. कारण साधे होते. वयोगटाची सीमा १ जानेवारी. जानेवारीत जन्मलेला नऊ वर्षांचा मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने थोर, म्हणून उंच, म्हणून निवडला जातो; निवडला जातो म्हणून त्याला अधिक सराव, आणि अधिक सराव म्हणून पुढच्या वर्षी तो खरोखरच सरस. गुणवत्ता म्हणून जे निवडले त्यात पुष्कळसा भाग जन्मपत्रिकेचा होता!

बर्फाचा तास ही दुर्मीळ वस्तू आहे, आणि दुर्मीळ वस्तूची वाटणी आपोआप न्याय्य होत नाही, याचा धडा मिनेसोटाने मुलींच्या बाबतीत आधीच घेतला होता. १९९४ मध्ये मुलींच्या हॉकीला शालेय खेळाचा दर्जा देणारे ते पहिले राज्य. परंतु दर्जा देऊन बर्फ मिळत नाही. तेव्हा राज्याच्या विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा करून सार्वजनिक रिंकवरील मोक्याच्या वेळेचा वाटा मुलींसाठी मागितला: पहिल्या वर्षी १५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी निम्म्यापर्यंत. एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटणार, म्हणून पाठोपाठ नवी रिंके बांधण्यासाठी नगरपालिकांना अनुदान देण्याची योजनाही निघाली. तिला नाव दिले गेले 'मायटी डक्स', मिनिआपोलिसमधल्या एका हरणाऱ्या पोरांच्या संघावरच्या १९९२ च्या लोकप्रिय चित्रपटावरून. सरकारी योजनेला चित्रपटाचे नाव देण्याची कल्पना आपल्या मंत्रालयात कोणाला सुचली नाही, हे एका परीने बरेच झाले.

तरीही हे चित्र निखळ सोन्याचे समजू नये. रिंकचे भाडे तासाला दोनशे डॉलर वा त्याहून अधिक. हंगामात साठ तास धरले आणि सोळा मुलांत वाटले, तर नुसत्या बर्फाचेच प्रत्येकी साडेसातशे डॉलर होतात. पंच, गणवेश, प्रवास वेगळा. गोलरक्षकाचा सरंजाम हजार डॉलरांच्या पुढे. शाळेच्या संघामागे शाळा उभी असते. ज्युनिअर गोल्डच्या मागे पालकांचा खिसा. मिनिआपोलिस शहरात एकेकाळी सरकारी हायस्कुलांचे स्वतंत्र हॉकी संघ होते. आता बऱ्याच वर्षांपासून सर्वांचा मिळून एकच संघ आहे. ज्यांना स्केट्सच घेता येत नाहीत ती मुले यादीतून गळत नाहीत, कारण ती यादीपर्यंत येतच नाहीत. यांच्यासाठी ज्युनिअर गोल्डपाशीही उत्तर नाही.

आपल्याकडे बर्फाचा प्रश्न नाही, मैदानाचा आहे. दोन हजार मुलांच्या शाळेतून क्रिकेटचा एक संघ निघतो, कबड्डीचा एक, खो-खोचा एक. उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि नववीपासून त्याही वाजवायच्या नाहीत, कारण खेळाचा तास गणिताने गिळलेला असतो. वरच्या पातळीवर खेळलेल्यांना परीक्षेत वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, ते असावेच. परंतु ही सारी व्यवस्था गुंतवणुकीच्या भाषेतली आहे. वस्तुतः सर्वांना सामावणारा खेळ ही कल्पना आपल्याला परकी नाही. मुंबईत १९४८ पासून भर पावसात चालणारी कांगा लीग अ ते ग अशा सात गटांत खेळली जाते. शेवटच्या गटात खेळणारा गृहस्थ कसोटीपटू होणार नाही हे त्याला आणि त्याच्या बायकोलाही ठाऊक असते; तरी रविवारी तो चिखलात उतरतोच. जे प्रौढांना मिळते ते चौदा वर्षांच्या मुलाला का मिळू नये? शाळेचा 'ब' संघ, 'क' संघ, आणि तालुक्यातल्या चार शाळांच्या 'क' संघांचे आपापसात सामने, याला अनुदान फारसे लागत नाही. लागतो तो शनिवारी दुपारी थांबायला तयार असलेला एक शिक्षक. मी स्वतः महाविद्यालयात कधी थांबलो नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे.

भारतात परतण्याच्या आदल्या रविवारी भाच्याचा सामना होता. रात्री साडेआठला. बाहेर उणे अठरा तापमान, आत प्रेक्षक म्हणून आम्ही जेमतेम तीसएक माणसे, बहुतेक आईबाप, हातात कागदी पेल्यातली कॉफी. बहिणीने मुंबईहून आणलेली शाल पांघरली होती आणि दर वेळी पक गोलकडे आला की ती डोळे मिटून घेत होती. आमचा संघ ५-२ असा हरला. पाचांपैकी निदान दोन गोल अडवता आले असते, हे मलाही कळले. परतताना मोटारीत तो मागच्या आसनावर बसून होता. घामाचा आणि ओल्या चामड्याचा वास पसरला होता. बहिणीने आरशात पाहून विचारले, "काही खायचं का?" तो म्हणाला, "हो. आणि आई, बुधवारचा सराव सव्वादहाला आहे. मला सोडायला कोण येणार, तू का बाबा?"