मल्लखांबाला पट्टा नसतो

‘तायक्वांदो’ हे नाव 1955 सालचं. वयाने ही कला आपल्या मल्लखांबाहून कितीतरी लहान. तरी 2000 साली सिडनीत तिची पदकं ऑलिंपिकच्या तक्त्यात मोजली गेली, आणि मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरायला 2019 उजाडलं. कोरियन सरकारचं पाठबळ हे याचं एक कारण आहेच. पण माझ्या मते मोठा हात कमरेच्या पट्ट्याचा. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला ठरलेला पुमसे, म्हणजे हालचालींचा बांधलेला क्रम, यामुळे शिक्षक बदलला तरी धडा बदलत नाही. प्रशिक्षकाचं आयुष्यभराचं काम मोजायचं तर हीच फूटपट्टी लावावी: त्याच्यामागे ती विद्या दुसऱ्याला शिकवता येते का?

या कसोटीवर मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांचं काम पाहण्यासारखं आहे. मुंबईत शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. ते 1925 साली प्र. ल. काळे गुरुजींनी सुरू केलं, आणि देशपांडे तिथलेच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. तेव्हापासून ही विद्या मुख्यतः अंगावरून अंगावर उतरत आली. गुरू पकड लावून दाखवी, शिष्य ती उचले. सागवानी किंवा शिसवी खांब, त्याला चोळलेलं एरंडेल, वर मान आणि बोंड. बाकी सगळं गुरूच्या डोळ्यात. देशपांडे यांनी स्पर्धांचे नियम आणि गुणांकनाची संहिता घडवण्यात वाटा उचलला, म्हणजे तो डोळा कागदावर उतरवला. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 50 देशांतल्या 5 हजारांहून अधिक जणांना शिकवल्याची दखल तेव्हा सरकारने घेतली. कागदावर आलेल्या विद्येलाच असा प्रवास झेपतो.

मल्लखांब ही युद्धकलाच नव्हे, समोर प्रतिस्पर्धी नसतो, असा आक्षेप कोणी घेईल. नावातला मल्ल मात्र उगाच आलेला नाही. खांब हा पहिलवानाचा न थकणारा जोडीदार. त्याच्यावर कमावलेली मांडीची आवळ आणि बगलेची पकड आखाड्यात उपयोगी पडते. तसं पाहिलं तर पुमसेतही शत्रू हवेतच असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पट्टे आले की परीक्षेची फी येते आणि कला दुकानात जाते. तायक्वांदोच्या गल्लोगल्लीच्या वर्गांकडे पाहिलं तर ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण न लिहिलेल्या विद्येचा धोका त्याहून मोठा. गुरू गेला की ती निम्मी जाते. आणि लिहिणं म्हणजे विकणं नव्हे.

उलट, नेमकी मांडणी असली की विद्या अनपेक्षित ठिकाणी पोचते. देशपांडे यांनी अंध मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवला. तिथे ‘हे बघ’ म्हणून भागत नाही. दोरी कोणत्या बोटांत धरायची, कोणत्या मांडीखालून न्यायची, पीळ कुठे बसवायचा, हे एकेक करून बोलावं लागतं, हाताला हात लावून सांगावं लागतं. मुलगी दोरीवर चढते, आसन लावते, आणि पकड सुटणार असेल तर ते तिच्या कातडीला आधी कळतं.