गुडघेदुखीवरील औषधे: वेदना थांबते, पण झीज?

गुडघा दुखू लागला की अनेक जण मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणतात. सूज उतरते, जिना चढता येतो. पण गुडघ्यातील कूर्चा त्यामुळे सुधारते का?

कूर्चा कशी टिकते?
हाडांच्या टोकांवरील या गुळगुळीत थरात रक्तवाहिन्या आणि वेदना जाणवणाऱ्या नसा नसतात. त्यामुळे सुरुवातीची झीज कळत नाही. कूर्चेतील पेशी कोलॅजन आणि पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन तयार करतात. निर्मितीपेक्षा मोडतोड वाढली, की झीज सुरू होते.

गोळ्या काय करतात?
डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन कमी करून वेदना आणि सूज आटोक्यात आणतात. झिजलेली कूर्चा त्या भरून काढत नाहीत. इंडोमेथॅसिनमुळे तर प्रोटिओग्लायकनची निर्मिती मंदावल्याचे प्रयोगशाळेत आढळले आहे.

स्टेरॉइड इंजेक्शनचे काय?
अमेरिकेत १४० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दर १२ आठवड्यांनी, २ वर्षे स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटरने पातळ झाली. सलाइनचे इंजेक्शन घेणाऱ्यांची ०.१० मिलिमीटरने. वेदनेत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

मग काय करावे?
दुखणे असह्य असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेले औषध उपयोगी ठरते. मात्र मनाने महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्यास जठरात व्रण होण्याचा, मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका असतो. वेदना कमी झाली, की मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणे सुरू करावे. सांध्यावरचा भार त्यानेच हलका होतो.