गोचीड गायीवर, बिऱ्हाड भिंतीत

निफाड, सिन्नर, येवला भागातल्या गोठ्यांत आता काळ्या-पांढऱ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी दिसतात आणि गोचीड तापाचा तडाखा सर्वांत जोरात बसतो तोही याच संकरित जनावरांना. इगतपुरी-त्र्यंबककडच्या देशी डांगी जनावरांनाही गोचीड लागतातच, पण ती बहुधा निभावून नेतात. भरपूर दूध देणारी संकरित गाय मात्र उपचाराला उशीर झाला तर आठवड्याभरात हातची जाऊ शकते.

गोचीड तापात प्रामुख्याने तीन आजार येतात: थायलेरिया, बबेसिया आणि अनाप्लाझ्मा. संकरित गायींना सर्वांत जास्त धोका थायलेरियाचा. तो पसरवणारी ह्यालोमा जातीची गोचीड आयुष्याचा थोडाच काळ गायीवर असते. रक्त पिऊन टम्म झाली की ती खाली पडते, भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या फटीत शिरते, तिथेच कात टाकते आणि पुन्हा एखादं जनावर शोधते. मादी अंडी घालते तीही तिथेच, हजारोंनी. आजारातून उठलेल्या गायीच्या रक्तात जंतू पुढेही राहतात. पिल्लू गोचीड ते रक्तासोबत पिते आणि कात टाकून मोठी झाल्यावर दुसऱ्या गायीला देते. मात्र चावल्या चावल्या देत नाही. तिच्या लाळग्रंथीत जंतू तयार व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात, म्हणून रोज दूध काढताना कानामागे, कासेवर, शेपटीखाली हात फिरवून गोचीड काढणाऱ्या माणसाचे कष्ट वाया जात नाहीत.

बबेसियाची तऱ्हा वेगळी. त्याची गोचीड सगळ्या अवस्था एकाच जनावरावर काढते आणि जंतू अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 मध्ये हे सिद्ध केलं. रोनाल्ड रॉसला डासात हिवतापाचा जंतू सापडला तो त्यानंतर चार वर्षांनी. गोचीड-डासांमुळे पसरणाऱ्या रोगांच्या अभ्यासाची वाट आधी गोठ्यातून गेली होती, हे सहसा कुणी सांगत नाही.

आता ओळखायचं कसं? गाय रवंथ थांबवते, दूध एकदम उतरतं. तापमापी लावली तर एरवीच्या 101-102 ऐवजी 104 ते 107 अंश फॅरनहाइट दिसतं. मग खांद्याच्या पुढे, मानेच्या मुळाशी बोटं दाबून बघा. थायलेरियात तिथली गाठ सुजते, हाताला स्पष्ट लागते. डोळ्यांतून पाणी येतं, धाप लागते, पापणी उलटून पाहिली तर आतला गुलाबी रंग फिका पडलेला असतो. लघवी कोऱ्या चहासारखी होत असेल तर संशय बबेसियाचा. अनाप्लाझ्मात लघवी लाल होत नाही. गाय हळूहळू खंगते, पिवळी पडते, शेण कडक होतं.

खूण पटली तरी नक्की काय ते रक्ताच्या काचपट्टीवरच कळतं. पशुवैद्यक कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतात, गाठ सुजली असेल तर तिच्यातलंही पाणी तपासतात. हा नमुना औषध देण्याआधी घेतलेला बरा. थायलेरियावर ब्युपारव्हाक्वोन, बबेसियावर डिमिनाझिन, अनाप्लाझ्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन. एकाचं औषध दुसऱ्याला पुरं पडत नाही, त्यामुळे दुकानातून ‘तापाचं इंजेक्शन’ आणून टोचण्यात जातात ते मोलाचे पहिले दोन दिवस. ब्युपारव्हाक्वोन महाग आहे, पण रक्त फार उतरल्यावर दिलं तर त्याचाही इलाज चालत नाही. मग रक्त चढवण्याची वेळ येते.

थायलेरियाची लस आहे, रक्षावॅक-टी. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, त्यामुळे गावच्या दवाखान्यात आयत्या वेळी मिळेलच असं नाही. वासरं दोन महिन्यांची झाली की आधीच विचारून ठेवावं.

राहिला गोठा. नुसत्या गायीवर फवारणी करून भिंत तशीच ठेवली की पंधरा दिवसांत गोचीड परत. भेगा सिमेंटने बुजवा, चुना मारा, उकिरडा गोठ्यापासून लांब न्या. दगडी भिंत असेल तर चारा आणि जनावरं बाहेर काढून फटींवरून फ्लेमगन फिरवतात. गायीवर डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ पशुवैद्यकांनी सांगितलेल्या प्रमाणातच मारायचं, सकाळी किंवा संध्याकाळी, आधी तिला पोटभर पाणी पाजून. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा हात लागतोच. आणि द्राक्षबागेचा पंप? त्यातलं उरलेलं औषध गायीला विष ठरू शकतं. गोठ्याला वेगळा पंप घ्या.

थायलेरिया माणसाला होत नाही. पण ह्यालोमा गोचीडच काँगो ताप पसरवते. भारतात त्याचे पहिले निश्चित रुग्ण जानेवारी 2011 मध्ये अहमदाबाद जिल्ह्यात सापडले. त्यात जनावर धडधाकट दिसतं आणि माणूस मात्र दगावू शकतो. तेव्हा उपटलेली गोचीड बोटांत किंवा नखाने चिरडू नका. हातमोजे घालून ती रॉकेलच्या डबीत टाका. रॉकेल हल्ली मिळत नाही म्हणाल, तर डिझेलही चालतं.