क्षमा आणि माफी

आर्णीपासून पवनार फार लांब नाही. वर्धा नदी ओलांडली की धाम नदीच्या काठी विनोबांचा तो आश्रम लागतो. मे १९६० मध्ये विनोबा चंबळच्या घळींतून पायी फिरले. फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदारसिंगाने तुरुंगातून त्यांना पत्र धाडले होते. विनोबांपाशी ना बंदूक होती, ना सरकारी माफीचे अभिवचन. तरीही वीस दरोडेखोरांनी आपली शस्त्रे त्यांच्यापुढे आणून ठेवली.

क्षमा म्हणजे शिक्षेतून सूट, असे पुष्कळांस वाटते, आणि घोटाळा होतो तो येथेच. विनोबांनी तशी सूट देऊ केली नव्हती. खटले रीतसर चालले. शरण आलेल्यास माणुसकीची वागणूक मिळावी, त्याच्या बायकामुलांची वाताहत होऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. पोलीस अधिकारी रुष्ट झाले. तो रोष सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही, कारण त्यांचे शिपाई त्याच घळींत प्राणांस मुकले होते. पण बंदुकीने तरी घळी कोठे मोकळ्या झाल्या होत्या?

१९६० नंतरही दरोडे थांबले नाहीत. एप्रिल १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे पुन्हा मोठ्या संख्येने शस्त्रे खाली आली. त्या वेळी घळींत जाऊन बोलणी करणाऱ्यांत पूर्वी शरण आलेला लोकमन होता, आणि फाशी टळलेला तहसीलदारसिंगही.