उजेडाच्या कळा आणि लिनक्स : दोषनिदानाचा क्रम

मुळशी खोऱ्यात पावसाळ्यात क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यास, वीज खंडित झाली असता, लॅपटॉपची बॅटरी पुरवून वापरावी लागते. पडद्याचा उजेड कमी करणे हा त्याचा सर्वांत सोपा उपाय होय. परंतु लिनक्सवर उजेडाच्या कळा कित्येकदा निरुपयोगी ठरतात. अशा वेळी संपूर्ण प्रणाली नव्याने बसविण्याची घाई करू नये.

कळ आणि पडद्याचा दिवा यांचा संबंध बहुधा अप्रत्यक्ष असतो. कळीचा संदेश कर्नेलकडून डेस्कटॉपकडे जातो, व डेस्कटॉपच्या आज्ञेने कर्नेल उजेडाचा अंक बदलतो. म्हणून तपासाचा आरंभ या साखळीच्या मध्यावरून करावा. ‘सिस’मधील ‘क्लास’ या निर्देशिकेत ‘बॅकलाइट’ हा विभाग असतो. त्यातील नियंत्रकाच्या ‘ब्राइटनेस’ फाइलीत, प्रशासकाच्या अधिकाराने, कमाल मूल्याच्या निम्मा अंक लिहावा.

यातून तीन शक्यता संभवतात. उजेड बदलला, तर दोष कळांच्या बाजूस आहे. ‘एव्हटेस्ट’ने संदेश दिसल्यास डेस्कटॉपची कळजुळणी तपासावी, न दिसल्यास फर्मवेअरमधील ‘एफएन’ कळीची योजना पाहावी. अंक बदलूनही उजेड तसाच राहिला, तर नियंत्रकाची निवड चुकली आहे, असे समजावे. कर्नेलच्या आरंभसूचनांत ‘एसीपीआय बॅकलाइट’चे मूल्य ‘नेटिव्ह’ अथवा ‘व्हेंडर’ देऊन पाहावे. एका पडद्यास अनेक नियंत्रक दिसण्याचा हा घोळ २०२२ च्या ६.१ कर्नेलपासून पुष्कळ कमी झाला आहे. विभागच रिकामा असल्यास ‘नोमोडसेट’ ही सूचना दिलेली नाही ना, याची खात्री करावी. कारण तिच्यामुळे चित्रचालक कार्यरत होत नाही.

तात्पर्य, दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे निश्चित झाल्यावाचून उपाय योजू नये.