शाकाहारी व्यक्तीच्या रक्तात कोलेस्टेरॉल येते कोठून?

मांसाहार दूरच, घरात अंडेही येत नाही. तरीही रक्ततपासणीच्या अहवालात कोलेस्टेरॉलचा आकडा वाढलेला कसा, असा प्रश्न डॉक्टरांना वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. कोलेस्टेरॉल हा मुख्यत्वे प्राणिज पदार्थांत आढळणारा घटक असून धान्य, डाळी, भाज्या आणि वनस्पती तेले यांत तो नाव घेण्याजोगा नसतो. तेलाच्या पिशवीवर ठळकपणे छापलेले ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे शब्द त्यामुळे खरे असले तरी निरुपयोगी आहेत. शेंगदाणा असो, पाम असो वा खोबरेल, तो दावा प्रत्येकालाच करता येतो.

उत्तर यकृतात दडलेले आहे. शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल अन्नातून येत नाही. शरीर ते स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. पेशींची आवरणे, काही संप्रेरके आणि पित्तरस यांसाठी त्याची गरजही असते. हे कोलेस्टेरॉल रक्तातून वाहून नेणाऱ्या कणांपैकी ‘एलडीएल’ कण रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतात, म्हणून त्याला बोलीभाषेत ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात. रक्तातील एलडीएल परत ओढून घेण्याचे काम यकृताच्या पेशींवरील ग्राहक करतात. आहारात संपृक्त मेद वाढला की या ग्राहकांचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तात अधिक काळ फिरत राहते. म्हणूनच, ताटात कोलेस्टेरॉल किती आहे यापेक्षा संपृक्त मेद किती आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. एका अंड्यात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. तरीही अमेरिकेच्या २०१५च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमधून दररोज ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा वगळण्यात आली, ती याच विचाराने. अर्थात, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी अंड्यांचे प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

भारतीय शाकाहारी स्वयंपाकघरात संपृक्त मेद प्रामुख्याने दूध, साय, लोणी, तूप, खवा, तसेच खोबरेल आणि पाम तेल यांतून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरातील ऊर्जेपैकी संपृक्त मेदाचा वाटा १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. दररोज २,००० कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. आता दुधाच्या पिशवीचा हिशेब पाहू. ‘फुल क्रीम’ दुधात ६ टक्के मेद असतो. अर्ध्या लिटरमध्ये तो ३० ग्रॅम होतो आणि त्यातील सुमारे १८ ग्रॅम संपृक्त असतो. दिवसाचा चहा, दही आणि रात्रीचा पेला एवढ्यातच मर्यादा जवळपास संपते. पोळीवरचे तूप अजून मोजलेलेही नसते. ‘टोन्ड’ दुधात ३ टक्के आणि ‘डबल टोन्ड’मध्ये दीड टक्का मेद असतो. केवळ पिशवी बदलल्याने होणारी ही घट इतकी मोठी आहे की, पोळीवरच्या थेंबभर तुपावरून घरात होणारे वाद त्यापुढे किरकोळ वाटावेत.

खोबरेल तेलाबाबतचा मतभेद मात्र सहज मिटणारा नाही. केरळ, कोकण आणि गोव्याच्या पाककृती नारळावर उभ्या आहेत आणि तेथील लोक ते पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. परंतु या तेलातील जवळपास नऊ दशांश मेद संपृक्त असतो. अनेक चाचण्यांच्या २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात, सूर्यफूल वा ऑलिव्हसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेल वापरणाऱ्यांचे एलडीएल सरासरी सुमारे १० मिलिग्रॅमने अधिक आढळले. आमटीत घातलेले ओले खोबरे आणि रोज तळणीसाठी वापरलेले खोबरेल यांत प्रमाणाचा फरक आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

मेद कमी करण्याच्या सल्ल्यात एक धोकाही आहे. तेल-तूप तोडले आणि त्या जागी भात, मैदा, साबुदाणा, साखर वाढवली, तर एलडीएल थोडे उतरेलही, पण रक्तातील ट्रायग्लिसराइड हा मेद वाढतो आणि संरक्षक मानले जाणारे ‘एचडीएल’ घटते. भारतीयांचा कल मुळातच या दिशेने आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील प्रौढांची तपासणी झाली. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ७२.३ टक्के व्यक्तींचे एचडीएल कमी होते, २९.५ टक्के व्यक्तींचे ट्रायग्लिसराइड वाढलेले होते, तर वाढलेले एलडीएल ११.८ टक्के व्यक्तींत आढळले. तेव्हा काय सोडले याइतकेच, त्या जागी काय घेतले हे महत्त्वाचे. तुपाऐवजी शेंगदाणा, मोहरी, करडई यांसारखे तेल, तेही मोजून. आणि भाताचा एक वाढा कमी करून त्या जागी उसळ, हा बदल दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो.

उसळीचा उल्लेख सहज आलेला नाही. कडधान्ये, जव, ओट, भेंडी, वांगी, सफरचंद, पेरू यांत विद्राव्य तंतू असतात. आतड्यात ते बुळबुळीत होऊन पित्ताम्लांना धरून ठेवतात आणि शरीराबाहेर नेतात. पित्ताम्ले नव्याने तयार करण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल लागते, ते रक्तातून ओढले जाते आणि एलडीएल उतरते. उत्तर गुजरातेतील उंझा बाजारपेठ ज्यासाठी प्रसिद्ध आहे त्या इसबगोलाचे कार्यही असेच चालते. मात्र ते भरपूर पाण्यासोबत आणि इतर औषधांपासून काही तासांच्या अंतराने घ्यावे लागते.

आहाराने नेमका किती फरक पडतो, याचे एक बोलके उदाहरण कॅनडात सापडते. टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स यांच्या चमूने २००३मध्ये कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४६ व्यक्तींवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाला ओट, जव, इसबगोल, सोयाबीनची प्रथिने, बदाम आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल असा आहार देण्यात आला. भाज्यांत चक्क भेंडी आणि वांगी होती. महिन्याभरात या गटाचे एलडीएल २८.६ टक्क्यांनी उतरले, तर कमी मेदाच्या आहाराला स्टॅटिन गोळीची जोड दिलेल्या गटात ही घट ३०.९ टक्के होती. मात्र तेथे खाद्यपदार्थ संशोधकांनीच पुरवले होते. पुढे २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोकांना केवळ सल्ला देण्यात आला, तेव्हा सहा महिन्यांनंतरची घट सुमारे १३ टक्के भरली. कागदावरचा आहार आणि रोजचे घर यांतील अंतर या दोन आकड्यांत दिसते. तरीही औषधाविना १३ टक्के ही कमाई क्षुल्लक नाही.

वनस्पती तूप आणि त्यापासून बनणाऱ्या खारी, बिस्किटे, फरसाण यांतील ट्रान्स मेद तर एलडीएल वाढवतो आणि एचडीएलही घटवतो. भारतात खाद्यतेले व मेद यांतील त्याची कमाल मर्यादा जानेवारी २०२२पासून २ टक्के आहे. एकाच तेलात पुनःपुन्हा तळण्याची सवय मात्र पिशवीवरील कोणत्याही मजकुरात दिसत नाही.

या सगळ्याला घाईचे एक कारण आहे. अनेक देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई व्यक्तींना पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे सरासरी वय ५३ वर्षे, तर इतरत्र ते जवळपास ५९ वर्षे आढळले. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, त्यामुळे ते तपासणीविना कळत नाही. भारतीय हृदयरोग संस्थेने २०२४मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असावे. मधुमेह वा उच्च रक्तदाबासारखी जोखीम असल्यास ७० पेक्षा आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांसारख्या अतिजोखमीच्या रुग्णांत ५५ पेक्षा कमी. एवढी खालची पातळी बहुतेकांना केवळ आहाराने गाठता येत नाही. आहार सुधारला म्हणून चालू असलेली गोळी परस्पर बंद करणे त्यामुळे धोक्याचे आहे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून मात्रेचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो. ज्यांचे एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक आहे, त्यांच्यात कारण अनेकदा आनुवंशिक असते. अशा घरांत भेंडी आणि ओट यांच्या जोडीने भावंडांची आणि मुलांचीही रक्ततपासणी करून घ्यावी लागते.